घरासाठी नॅस निवडताना: आधी प्रतींचा हिशेब, मग यंत्र

नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायची साठवणपेटी, घ्यायचा विचार डोक्यात आला की बहुतेक जण थेट मॉडेलं बघायला लागतात. कोणती कंपनी, डिस्क बसवायचे किती कप्पे, प्रोसेसर कुठला, रॅम किती. बरीच तुलना करून चार कप्प्यांचा नॅस घरी येतो, सगळे फोटो त्यावर जातात आणि जागा मोकळी करायची म्हणून फोन-लॅपटॉपवरून पुसले जातात. घात होतो तो इथेच. ज्या फोटोंची दुसरी प्रत कुठेही उरलेली नाही, ते सगळे आता एकाच पेटीत, एकाच प्लगवर असतात. आणि पैसे यंत्रातच संपलेले असल्यामुळे दुसऱ्या प्रतीची गोष्ट पुढे ढकलली जाते.

म्हणून इथे क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी माहिती मोजायची, मग तिच्या प्रती कुठे कुठे राहतील ते ठरवायचं, नंतर डिस्क निवडायच्या आणि यंत्र सगळ्यांत शेवटी. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीचा खर्च आधी बाजूला काढावा आणि उरलेल्या रकमेत बसेल तो नॅस घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

## नॅस हवाच आहे का?

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवण. आत प्रोसेसर, रॅम, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम आणि एक किंवा अनेक हार्ड डिस्क असतात. राउटरला केबलने जोडला की घरातल्या प्रत्येक लॅपटॉपला, फोनला, टीव्हीला तो दिसतो. साध्या एक्स्टर्नल डिस्कपेक्षा त्याचा खरा फायदा एकच: तो कायम चालू असतो. एक्स्टर्नल डिस्क कुणीतरी आठवणीने जोडावी लागते, आणि घरोघरी बॅकअप थांबतो तो याच आठवणीपाशी. नॅसवर रात्री दोन वाजता बॅकअप आपोआप होतो, कुणाला काही करावं लागत नाही.

तरीही घरात एकच लॅपटॉप असेल आणि सगळी माहिती पाचशे जीबीच्या आत असेल, तर नॅस घेऊ नका. दोन एक्स्टर्नल डिस्क आळीपाळीने वापरा आणि महत्त्वाच्या फाइलींसाठी एखादी क्लाउड सेवा घ्या. माणसं दोन-तीन, उपकरणं पाच-सहा आणि माहिती एक-दोन टीबीच्या पुढे गेली, की नॅसला अर्थ येतो. राउटरच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावून काम भागवण्याचा मार्गही आहे, पण तिथे स्नॅपशॉट (त्या त्या क्षणी फाइली जशा होत्या त्याची जपलेली नोंद) नसतात, डिस्कच्या तब्येतीवर लक्ष नसतं आणि वेग बहुधा कमीच असतो. फाइली इकडून तिकडे देण्यापुरतं ते ठीक आहे, बॅकअपचा भरवसा त्यावर ठेवू नये.

## पायरी १: माहिती मोजा आणि तीन भागांत वाटा

एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात जे गेलं तर जगात कुठेही परत मिळणार नाही ते: घरचे फोटो, व्हिडिओ, स्कॅन केलेली कागदपत्रं, लिहिलेलं काही. दुसऱ्यात जे परत जमवता येईल पण फार कष्ट पडतील ते: वर्षानुवर्षं नीट लावलेला संगीतसंग्रह, जुन्या प्रकल्पांच्या फाइली. तिसऱ्यात जे पुन्हा डाउनलोड करता येतं ते. प्रत्येक रकान्यासमोर आजचा आकडा जीबीमध्ये लिहा.

हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचे निम्मे प्रश्न यातच सुटतात. बहुतेक घरांत तिसरा रकाना सगळ्यांत मोठा निघतो आणि पहिला अपेक्षेपेक्षा लहान. तीन ठिकाणी प्रती ठेवायच्या त्या पहिल्या रकान्याच्याच. तिसऱ्याला एकच प्रत पुरते.

वाढीचा अंदाज व्हिडिओवरून काढा, फोटोंवरून नको. फोनवर फोर-के, सेकंदाला ३० फ्रेम आणि एचईव्हीसी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात चित्रीकरण केलं तर मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात, म्हणजे तासाला दहा जीबीच्या आसपास. ६० फ्रेमवर हाच आकडा दुपटीहून जास्त होतो. गेल्या वर्षभरात फोनवर किती जागा भरली ते बघा, त्याला पाचाने गुणा आणि आजच्या बेरजेत मिळवा. बॅकअपमध्ये फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही राहणार असतात, त्यासाठी वर निदान एक तृतीयांश जागा धरा.

डिस्कवर छापलेली टीबी दशमान पद्धतीची असते आणि विंडोज मोजतं १०२४ च्या पटीत. त्यामुळे ४ टीबीची डिस्क ३.६४ दिसते आणि ८ टीबीची ७.२८ च्या आसपास. यात फसवणूक काही नाही, पण हिशेब करताना ही घट आधीच वजा करा.

## पायरी २: प्रती कुठे राहतील?

बॅकअपचा सर्वांत टिकलेला नियम ३-२-१ असा आहे. तो छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केला. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घरगुती वापरात याचा अर्थ असा: मूळ फाइल लॅपटॉपवर, दुसरी प्रत नॅसवर, तिसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या घरात ठेवलेल्या डिस्कवर.

इथे स्वतःला एक प्रश्न विचारा. नॅसवरची फाइल ही मूळ आहे की प्रत? लॅपटॉपचा बॅकअप नॅसवर जात असेल तर नॅसवर आहे ती प्रत, आणि नॅस बंद पडला तरी मूळ लॅपटॉपवर सुरक्षित. पण जागा रिकामी करायला फोनवरचे फोटो नॅसवर हलवले, की त्या क्षणापासून नॅसवरची फाइल मूळ झाली आणि तिला प्रतच नाही. घरगुती नॅसवर या दोन्ही प्रकारच्या फाइली शेजारी शेजारी पडलेल्या असतात आणि दिसायला अगदी सारख्या असतात. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन वेगळे शेअर्ड फोल्डर करा: एक ‘मूळ’, एक ‘बॅकअप’. ‘मूळ’मधलं सगळं नॅसमधून बाहेर कुठेतरी गेलंच पाहिजे.

रेड (अनेक डिस्क मिळून एकच साठवण म्हणून चालवायची पद्धत) म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यामागचं कारण नीट समजून घ्या. रेड-१ मध्ये दोन डिस्कवर तीच माहिती एकाच वेळी लिहिली जाते. एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं. पण तुम्ही फोल्डर चुकून डिलीट केलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. लॅपटॉपमध्ये शिरलेल्या रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडवणाऱ्या सॉफ्टवेअरने, नॅसवरच्या फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे कुलूपबंद फाइलीच राहतात. विजेचा झटका, पाणी, आग, चोरी यांत तर पूर्ण पेटीच जाते. रेड हे डिस्क बिघडण्यापासून वाचवतं, बाकी कशापासूनही नाही.

याचं मोठं उदाहरण जून २०२१ मधलं आहे. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या घरगुती नेटवर्क डिस्क वापरणाऱ्या जगभरच्या अनेकांना एका सकाळी आपली डिस्क कोरी दिसली. इंटरनेटवरून कुणीतरी या उपकरणांना फॅक्टरी रीसेटचा आदेश दिला होता. या उपकरणांना २०१५ नंतर सॉफ्टवेअर अपडेट मिळालेलं नव्हतं, आणि कंपनीने लोकांना ती इंटरनेटपासून तोडायला सांगितलं. ज्यांच्याकडे दुसरी प्रत होती त्यांचा एक दिवस गेला. बाकीच्यांची वर्षं गेली.

सिंक म्हणजेही बॅकअप नव्हे. सिंक इकडचा बदल तिकडे पोचवतं, आणि त्यात डिलीट करणंही आलं. बॅकअपमध्ये कालची, गेल्या आठवड्यातली, तीन महिन्यांपूर्वीची आवृत्ती परत काढता आली पाहिजे.

## पायरी ३: कप्पे किती, रेड कोणतं?

बहुतेक घरांना दोन कप्पे आणि रेड-१ पुरतं. ८ टीबीच्या दोन डिस्क लावल्या की ८ टीबी वापरता येते, रचना साधी राहते आणि डिस्क बदलणं सोपं असतं. आज ८ टीबी भरेल असं वाटत नसेल तर इथेच थांबा.

चार कप्प्यांचा विचार दोन कारणांनी करावा: लागणारी जागा दोन डिस्कच्या जोडीत मावत नसेल, किंवा दर दोन-तीन वर्षांनी डिस्क वाढवत न्यायची असेल. चार ४ टीबीच्या डिस्कवर रेड-५ लावलं तर १२ टीबी मिळते आणि एक डिस्क गेली तरी चालतं. रेड-६ मध्ये ८ टीबी मिळते आणि दोन डिस्क गेल्या तरी चालतं. वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क असतील तर सिनॉलॉजी या नॅस-कंपनीचं एसएचआर (तिची स्वतःची रेडची पद्धत) उपयोगी पडतं. ४, ४, ८ आणि ८ टीबी अशा चार डिस्कवर साधं रेड-५ फक्त १२ टीबी देतं, कारण ते प्रत्येक डिस्क सर्वांत लहान डिस्कइतकीच मोजतं. एसएचआर १६ टीबी देतं.

मोठ्या डिस्कवर रेड-५ वापरताना पुनर्बांधणीचा, म्हणजे गेलेल्या डिस्कची माहिती नव्या डिस्कवर पुन्हा उभी करण्याचा, वेळ लक्षात घ्या. ८ टीबीची नवी डिस्क सेकंदाला १५० ते २०० एमबी वेगाने सलग भरली तरी ११ ते १५ तास लागतात, आणि नॅस त्याच वेळी वापरात असेल तर त्याहून बरेच जास्त. एवढा वेळ उरलेल्या सगळ्या डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचल्या जातात. त्या बहुधा एकाच वयाच्या असतात. त्यामुळे पुनर्बांधणी सुरू करण्याआधी दुसरी प्रत ताजी आहे ना, हे आधी बघायचं.

रेड-० (माहिती डिस्कवर वाटून लिहायची, दुसरी प्रत नाही) घरी अजिबात नको. एक डिस्क गेली की सगळंच जातं, आणि त्यातून मिळणारा वेग घरच्या नेटवर्कमध्ये जाणवतही नाही. एक कप्प्याच्या नॅसला कमी लेखू नका. दुसऱ्या घरात ठेवून रोज रात्री तिथे बॅकअप पाठवायला तो उत्तम.

## पायरी ४: डिस्क

इथे घाई करू नका. यंत्र पाच-सात वर्षांत बदलेल, पण माहिती असते ती डिस्कवर.

पहिली गोष्ट बघायची ती सीएमआर की एसएमआर. सीएमआर डिस्कमध्ये माहितीचे पट्टे एकमेकांच्या शेजारी सुटे असतात. एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची कौलंही उचलावी लागतात. तसंच एसएमआर डिस्कवर मध्येच काही लिहायचं झालं की आजूबाजूचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या हलक्या वापरात हे कळत नाही. रेडची पुनर्बांधणी सुरू झाली की वेग कोसळतो, आणि कधी कधी नॅस त्या डिस्कला बिघडलेली समजून बाहेर काढतो.

२०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलने नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘डब्ल्यूडी रेड’ (इथे रेड हे नुसतं नाव) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्ये एसएमआर वापरलं होतं आणि ते ग्राहकांना सांगितलं नव्हतं. त्यावरून बराच गदारोळ झाला आणि कंपनीने मालिका वेगळ्या केल्या: ‘रेड प्लस’ आणि ‘रेड प्रो’ सीएमआर, नुसती ‘रेड’ एसएमआर. सीगेटची ‘आयर्नवुल्फ’ आणि तोशिबाची ‘एन३००’ या मालिकाही सीएमआर आहेत. विकत घेताना मालिकेच्या नावावर न थांबता पूर्ण मॉडेल क्रमांक कंपनीच्या तपशीलपत्रात शोधा आणि ‘सीएमआर’ हा शब्द डोळ्यांनी बघा.

साध्या डेस्कटॉप डिस्क आणि नॅसच्या डिस्क यांत आणखी एक फरक आहे. एखादा भाग वाचता आला नाही तर डेस्कटॉप डिस्क बराच वेळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कारण तिच्या दृष्टीने ती एकटीच असते. नॅसची डिस्क साधारण सात सेकंदांत थांबते आणि ‘मला वाचता येत नाही’ असं कळवते. मग नॅस तीच माहिती दुसऱ्या डिस्कवरून घेतो. डेस्कटॉप डिस्क गप्प राहिल्यामुळे नॅस तिला मेलेली समजू शकतो.

आवाजाचाही विचार करा. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या मोठ्या डिस्कची खरखर रात्री शांत खोलीत स्पष्ट ऐकू येते. नॅस झोपायच्या किंवा अभ्यासाच्या खोलीत राहणार असेल तर ५४०० फेऱ्यांच्या वर्गातली डिस्क घ्या.

एकाच दिवशी, एकाच बॅचमधल्या सगळ्या डिस्क घेणं टाळता आलं तर टाळा. डिस्क हातात आल्यावर तिच्यावर माहिती टाकायच्या आधी नॅसमधूनच स्मार्टची (डिस्कने स्वतःची तब्येत तपासायची सोय) विस्तृत चाचणी चालवा. मोठ्या डिस्कला त्यात बारा तासांहून जास्त लागू शकतात. लागू द्या. खराब निघालेली डिस्क कोरी असतानाच परत करणं केव्हाही सोपं.

एक काम पाच मिनिटांचं आहे, पण फार मोलाचं: डिस्क ट्रेमध्ये बसवण्याआधी तिच्या अनुक्रमांकाची शेवटची चार अक्षरं चिकटपट्टीवर लिहा आणि ती पट्टी ट्रेच्या बाहेरच्या बाजूला लावा. याचा उपयोग शेवटच्या पायरीत कळेल.

## पायरी ५: आता यंत्र

पहिली अट फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीची. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस यांपैकी एक असलीच पाहिजे. या दोन्ही प्रत्येक तुकड्याची बेरीज-खूण (चेकसम, मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जपतात, त्यामुळे डिस्कवरची माहिती गुपचूप बिघडली तर ती वाचताना कळते, आणि रेड-१ असेल तर दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्तही करता येते. दोन्हींत स्नॅपशॉट जवळजवळ फुकट पडतात. साध्या एक्स्ट४ मध्ये फाइलींच्या मजकुरासाठी अशी खूण नसते. सिनॉलॉजीच्या ‘प्लस’ मालिकेत बीटीआरएफएस मिळते. क्यूनॅप या दुसऱ्या नॅस-कंपनीच्या नेहमीच्या सिस्टिममध्ये एक्स्ट४ आणि तिच्या ‘हीरो’ आवृत्तीत झेडएफएस आहे. प्रत्येक कंपनीच्या स्वस्त मॉडेलांत ही सोय असेलच असं नाही, म्हणून तपशीलपत्र वाचूनच घ्या.

दुसरी अट अपडेटची. कंपनी त्या मॉडेलला किती वर्षं सुरक्षा अपडेट देते, आणि चार-पाच वर्षं जुन्या मॉडेलांना आज अपडेट मिळतात का, हे तपासा. हार्डवेअर कितीही सरस असलं तरी अपडेट बंद झालेला नॅस धोक्याचाच.

तिसरी अट डिस्कच्या मोकळिकीची. सिनॉलॉजीने २०२५ च्या ‘प्लस’ मॉडेलांत आपल्याच प्रमाणित डिस्क वापराव्यात असं बंधन आणलं होतं. ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ या आपल्या सिस्टिमच्या आवृत्तीत ते बरंचसं सैल केलं. यावरून शिकायचं ते इतकंच की मॉडेलच्या नावासोबत त्याची सुसंगत डिस्कची यादीही घेण्याआधी वाचावी.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. नुसती साठवण आणि बॅकअप यांसाठी एआरएम प्रोसेसर आणि २ जीबी रॅम चालते. फोटोंमधले चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर, डॉकर (ॲप्स वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं साधन) किंवा इमिचसारखी फोटोंची ॲप्स चालवायची असतील तर इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर आणि निदान ८ जीबी रॅम घ्या, आणि रॅम पुढे वाढवता येते का ते बघा. प्लेक्स किंवा जेलीफिन या व्हिडिओ दाखवणाऱ्या ॲप्सवरून व्हिडिओचं रूपांतर करायचं असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असणं महत्त्वाचं. एएमडीचे काही प्रोसेसर ताकदवान असूनही त्यांत ग्राफिक्स नसतं. टीव्ही मूळ फाइल जशीच्या तशी चालवत असेल तर हा प्रश्नच येत नाही. एसएसडी कॅशवर (डिस्कपुढे लावायची वेगवान तात्पुरती साठवण) घरी पैसे घालू नका.

जुना संगणक पडून असेल आणि सिस्टिम लावायची आवड असेल, तर ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा अनरेड वापरून स्वतःचा नॅस करता येतो. लवचिकता भरपूर मिळते, पण रात्री काही बिघडलं तर उत्तर शोधणारे तुम्हीच. घरातल्या दुसऱ्या कुणाला तो हाताळायची वेळ येणार असेल तर तयार यंत्रच बरं.

## पायरी ६: जागा, वीज, केबल

नॅस राउटरला केबलनेच जोडा, वायफायने नको. गिगाबिट जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे १ टीबी जायला अडीच तास. २.५ गिगाबिट पोर्ट असेल आणि समोरचा संगणक व मधला स्विचही त्याच वेगाचे असतील, तर काम निम्म्याहून कमी वेळात होतं. त्यासाठी कॅट ५ई केबल पुरते. लॅपटॉप वायफायवरच असतील तर २.५ गिगाबिटसाठी जादा पैसे मोजायची घाई नको.

बंद कपाटात ठेवू नका. डिस्कचं तापमान सतत ४५ अंशांच्या वर जात असेल तर जागा बदला. जमिनीपासून थोडा उंच आणि नळ-खिडकीपासून लांब ठेवा.

यूपीएस मी ऐच्छिक मानत नाही. लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइल सिस्टिमला इजा होऊ शकते. यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडली की बॅटरी कमी झाल्याचं नॅसला कळतं आणि तो स्वतः नीट बंद होतो. नुसता यूपीएस लावून ही वायर न जोडणं म्हणजे काम अर्धवट सोडणं. सतत चालणारा २० वॉटचा नॅस वर्षाला साधारण १७५ युनिट वीज घेतो, तेवढं हिशेबात धरा.

## पायरी ७: पहिल्या दिवशीची मांडणी

आधी सिस्टिम अपडेट करा. मग नवं व्यवस्थापक खातं तयार करून मूळचं ‘ॲडमिन’ खातं बंद करा आणि व्यवस्थापक खात्याला दुपदरी पडताळणी लावा. रोजच्या वापरासाठी प्रत्येकाला वेगळं साधं खातं द्या. बॅकअपसाठी आणखी एक खातं ठेवा, ज्याला फक्त ‘बॅकअप’ फोल्डरचा अधिकार असेल. तुमच्या रोजच्या खात्याला त्या फोल्डरमध्ये लिहिता येऊ नये. मग लॅपटॉपमध्ये काही शिरलं आणि रोजच्या खात्याने जोडलेले फोल्डर त्याच्या हाती लागले, तरी बॅकअपपर्यंत त्याचा हात सहज पोचत नाही.

राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायला उघडलेली वाट) आणि यूपीएनपी (अशी वाट आपोआप उघडणारी सोय) बंद ठेवा. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ रॅन्समवेअरने क्यूनॅपच्या नॅसवरच्या फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा सावज झाले ते इंटरनेटवरून थेट दिसणारे नॅस. बाहेरून नॅस बघायचा असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारख्या व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी वाटेने, या. एसएमबीची (नेटवर्कवर फाइली वाटायची पद्धत) पहिली आवृत्ती बंद आहे ना ते तपासा. २०१७ चं ‘वॉनाक्राय’ रॅन्समवेअर याच जुन्या आवृत्तीतल्या त्रुटीतून पसरलं होतं.

स्नॅपशॉट ‘मूळ’ आणि ‘बॅकअप’ दोन्ही फोल्डरवर लावा: रोज एक, त्यातले तीस दिवसांचे ठेवायचे आणि महिन्याचे सहा. चुकून पुसलेली फाइल यातून मिनिटभरात परत मिळते. स्क्रब (सगळी माहिती वाचून खुणा पडताळणं) महिन्याला किंवा तीन महिन्यांनी, स्मार्टची छोटी चाचणी आठवड्याला. आणि ई-मेल सूचना चालू करून चाचणीचा ई-मेल खरंच येतो का ते बघा. डिस्क बिघडल्याची सूचना कुणाच्याच वाचनात आली नाही, तर रेड असून नसल्यासारखंच.

## पायरी ८: बॅकअपची कामं लावा

मॅकवर त्याचं स्वतःचं बॅकअप-साधन टाइम मशीन थेट नॅसवर जातं. त्याला जागेची मर्यादा घालून द्या, नाहीतर ते सगळी जागा भरेपर्यंत आवृत्त्या साठवत राहील. मॅकच्या डिस्कच्या दुप्पट जागा पुरेशी. विंडोजसाठी फाइल हिस्ट्री (विंडोजमधलीच सोय), नॅस-कंपनीचं स्वतःचं ॲप किंवा व्हीमचा मोफत एजंट (बॅकअपचं ॲप) यांपैकी एक निवडा. फोनच्या फोटोंसाठी नॅसचं ॲप टाका, पण फोनच्या बॅटरी-बचतीच्या सेटिंगमुळे ते मागे झोपी जात नाही ना, यावर पहिले काही दिवस लक्ष ठेवा.

आता नॅसमधून बाहेर. एक यूएसबी डिस्क नॅसला जोडून आठवड्यातून एकदा ‘मूळ’ फोल्डरची प्रत घ्या आणि काम झालं की डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क विजेच्या झटक्यात नॅसबरोबरच जाते. अशा दोन डिस्क असतील तर एक घराबाहेर ठेवून दर महिन्याला अदलाबदल करा. दुसरा मार्ग क्लाउडचा किंवा दुसऱ्या घरातल्या नॅसचा. तिथे पहिली खेप वेळ खाते: सेकंदाला २० मेगाबिट अपलोड असेल तर १ टीबीला साडेचार दिवसांहून जास्त. शक्य असेल तर पहिली खेप घरीच दुसऱ्या नॅसवर घ्या आणि मग तो तिकडे हलवा. त्यानंतर रोज फक्त बदल जातात.

घराबाहेर जाणारी प्रत एनक्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करा. तिची किल्ली नॅसवर ठेवून उपयोग नाही, कारण किल्ली लागेल तेव्हा नॅसच नसेल. कागदावर छापून दोन ठिकाणी ठेवा आणि घरातल्या आणखी एका माणसाला ती कुठे आहे ते दाखवून ठेवा.

## पायरी ९: परत काढून बघा

‘बॅकअप यशस्वी’ हा संदेश म्हणजे फक्त लिहिणं झालं. वाचता येतं का, हे परत काढल्याशिवाय कळत नाही. दर तीन महिन्यांनी एक वेगळा फोल्डर निवडा. समजा, पाच वर्षांपूर्वीच्या एका सहलीचे फोटो. नॅसला हातही न लावता, फक्त घराबाहेरच्या प्रतीतून आणि कागदावरच्या किल्लीने, ते एका रिकाम्या लॅपटॉपवर उतरवा. फाइलींची संख्या जुळते का बघा, पंधरा-वीस फोटो पूर्ण आकारात उघडा, एखादा व्हिडिओ मध्यापासून चालवा. फोटोंवरच्या तारखा जागेवर आहेत का तेही बघा, कारण काही साधनं परत काढताना सगळ्या फाइलींवर आजची तारीख टाकतात आणि मग क्रम लावणं अवघड होतं. लागलेला वेळ लिहून ठेवा. त्यावरून सगळं परत आणायला किती दिवस लागतील याचा अंदाज येतो.

## पायरी १०: डिस्क गेली त्या दिवशी

एक दिवस नॅस बीप करायला लागेल आणि एका कप्प्याचा दिवा नारिंगी किंवा लाल होईल. पहिलं काम म्हणजे काहीही ओढून न काढणं. बीप बंद करा, नॅसच्या पानावर जाऊन कोणत्या डिस्कची तक्रार आहे ते बघा आणि तिचा अनुक्रमांक लिहून घ्या. मग बाहेरची प्रत ताजी आहे का ते तपासा. नसेल तर आधी ती घ्या.

त्यानंतर ट्रेवरच्या चिकटपट्टीशी अनुक्रमांक जुळवा. घाईत शेजारची चांगली डिस्क बाहेर ओढली जाते आणि मग रेड पूर्ण कोसळतं. ही चूक या चार अक्षरांनी टळते. नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त आकाराची हवी, आणि सीएमआरच. ती बसवून दुरुस्ती सुरू करा. पुनर्बांधणी संपेपर्यंत नॅसवर मोठी कामं टाकू नका, आणि संपल्यावर एक स्क्रब चालवा.

काढलेली डिस्क वॉरंटीत असली तरी तिच्यावर तुमची माहिती आहे. व्हॉल्यूम (नॅसवरची पूर्ण साठवण) आधीपासून एनक्रिप्ट केलेला असेल तर ती निर्धास्त परत पाठवा. तसं नसेल आणि डिस्क अजून चालत असेल, तर संगणकाला जोडून सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यांनी भरा. फिरतच नसेल, तर बदली डिस्कचा मोह सोडा, आतल्या तबकड्या मोडा आणि ती ई-कचऱ्यात द्या.